मानपत्राचा शेवटचा परिच्छेद

कानबाई या खानदेशी देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजून होईपर्यंत घरात दुसरे कोणतेही कार्य काढायचे नाही, हा नियम सुंदरबाईंनी धुळ्याच्या त्या घरात चाळीस वर्षे पाळला होता. आणि तो त्यांच्या पोटच्या मुलाने दुपारी साडेतीन वाजता मोडला. मोडला तोही शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतले मानपत्र हाती घेऊन, त्यामुळे त्याला रागावणेदेखील अशुभ ठरले असते. ज्या घरात उद्या नारळालाच नथ आणि चांदीचे डोळे लावून देवी म्हणून बसवायचे, त्या घरात आज सत्कारासाठी दुसरा नारळ आलेला पाहून सुंदरबाईंनी अहिराणीत एवढेच विचारले, "हाई आखो कोन देवी?"

"आपली सारिकावहिनी," स्वप्नील म्हणाला. व्याख्यानातले टाळीचे वाक्य तो जितका वेळ थांबून म्हणत असे तितकाच आत्ताही थांबला, पण समोर गहू निवडणाऱ्या बायकांचे हात मोकळे नव्हते.

स्वप्नील जळगावला राहत असे आणि 'संकटाला म्हणा, या बसा' या विषयावर गावोगाव बोलत असे. त्याच्या स्वतःच्या दारी संकट म्हणण्याजोगे काही येऊन बसले नव्हते. दहावीच्या वर्षी झालेल्या काविळीवर त्याने व्यवसायाची पहिली तीन वर्षे काढली, आणि कावीळ श्रोत्यांच्या पाठ झाली त्याच सुमारास, धरणगावी शेतपंपांच्या मोटार वाइंडिंगचे दुकान चालवणारा त्याचा चुलतभाऊ भूषण उजव्या अंगाने लुळा पडला. घराण्यावर कोसळलेल्या त्या आघातातून स्वप्नील फार लवकर सावरला. दोन महिन्यांत भूषणची बायको सारिका त्याच्या व्याख्यानातल्या गोष्टीत आली, सहाव्या महिन्यात ती जळक्या मोटारीला मिठी मारून रडू लागली, आणि वर्ष सरता सरता एका निर्णायक क्षणी तिला फोन करून 'ऊठ' असे सांगणारा एक दीरही त्या कथेत दाखल झाला. वस्तुतः दिराने सात मिनिटांचा एक ध्वनिसंदेश पाठवला होता. सारिकाने तो दुप्पट वेगाने ऐकला आणि पुसून टाकला.

तिला रडायला वेळ मिळाला नव्हता, हे भूषण पडल्यापासूनच्या तीन वर्षांचे अधिक अचूक वर्णन ठरले असते. भूषण रुग्णालयात असताना दुकानात अकरा मोटारी पडून होत्या आणि शेतकरी रोज येऊन शटरकडे पाहून जात. चौथ्या आठवड्यात तिने एक जळका स्टेटर, म्हणजे मोटारीचा तारेने भरलेला स्थिर भाग, खाटेशी आणला, त्यातली तार एकेक वेढा सोडत मोजली आणि आकडा वहीत मांडला. भूषणची वाचा गेलेली होती. चुकले की तो डोळे मिटून घेई आणि बरोबर आले की उघडे ठेवी. तिने बांधलेल्या पहिल्या तीन मोटारी जळाल्या. चौथी चालली, कशी ते तिलाही कळले नाही, आणि कळेना म्हणून तिने ती पुन्हा उघडली. पुढे ती विहिरीवर जाऊन साखळीने पाणबुडी मोटार वर काढू लागली, व्होल्टेज कमी असताना मोटार चालू ठेवणाऱ्यांना झापू लागली, आणि मागच्या उन्हाळ्यात तर सकाळच्या रांगेत पुरुषांना नंबर देऊन बसवू लागली. या बदलास स्वप्नील 'आत्मशोध' म्हणत असे. सारिका त्याला 'सीझन' म्हणे.

सत्कार ओसरीत झाला. चुडामणआबांनी, म्हणजे स्वप्नीलच्या वडिलांनी, मानपत्र स्वतः रचले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. ज्या वाक्यात समास नाही ते वाक्य त्यांना अंगात सदरा न घातलेल्या माणसासारखे वाटे. मधले भाऊ मगननाना भडगावहून आपला मुलगा नीलेश याच्यासह आले होते आणि पहिल्या ओळीत बसले होते. भूषण, त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा, खांबाला टेकून खुर्चीवर होता. आबा वाचू लागले, आणि 'विपत्तीच्या वणव्यात', 'तावून-सुलाखून', 'पतिपरायणतेचा नंदादीप' अशी वळणे घेत शेवटच्या परिच्छेदाशी येऊन पोचले.

सारिका शाल अंगावर घेऊन उकाड्यात ऐकत होती. नंदादीपापर्यंत तिचे अर्धे लक्ष होते. पुढच्या वाक्याला ती सावध झाली.

"आबा," ती म्हणाली, "शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचता का?"

आबांना कित्येक वर्षांत कोणी असे म्हटले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि अधिक भावपूर्ण स्वरात वाचले, "'अशा या गृहलक्ष्मीने आपल्या खडतर तपश्चर्येची सांगता करीत, दुकानाची धुरा चिरंजीव नीलेश याच्या समर्थ स्कंधांवर सोपवून, येत्या मंगळवारपासून गृहस्थाश्रमाच्या शीतल छायेत विसावा घेण्याचे योजिले आहे.'"

"कोणी योजलं?"

"सर्वांनी."

"मी सोडून सर्वांनी."

"तुझ्यासाठीच ना सूनबाई," आबा म्हणाले. "किती सोसलंस. आता पुरे. जागा माझ्या नावावर आहे, ती मी नीलेशला वापरायला देतो. त्याने भूषणच्या औषधपाण्याचं पाहायचं, घरखर्चाचं पाहायचं. तू रांगेतल्या लोकांशी हुज्जत घालायची, विहिरीत वाकायचं, हे आता कशाला? तुझी परीक्षा झाली आणि तू उत्तीर्ण झालीस."

"उत्तीर्ण झाले म्हणून शाळेतून नाव काढता?"

मगननाना खाकरले. मुलाचे हित बोलायला दुसरा माणूस उभा असताना गप्प बसावे, हे शहाणपण त्यांना कधीच साधले नव्हते. "नीलेश पुन्याले राहीसन ऊना. आयटीआय शे. तेले धंदा नको का? आनि बाईनी मोटार बांधानी, लोके काय म्हनतीन?"

"लोके मोटार लई येतस तिनाकडे," सुंदरबाई गव्हातून मान वर न करता म्हणाल्या. "तेस्ले लाज नही, तुले का बरं?"

"नाना," सारिका म्हणाली, "तुमची पाच एचपीची मोटार सोमवारपासून माझ्या दुकानात आहे. कॉइल भरून झाली, वार्निश वाळतंय. बुधवारी मिळेल. मंगळवारी दुकान बदलणार असेल तर कधी मिळेल ते नीलेशभाऊंना विचारा."

मगननानांनी नीलेशकडे पाहिले. नीलेशने छताच्या पंख्याकडे पाहिले. नानांचा कापूस त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असावा, कारण मुलाच्या भवितव्याचा विषय त्यांनी तिथेच सोडला.

"विषय भावनेवर नेऊ नकोस," आबा म्हणाले. "हे भूषणच्या संमतीनेच ठरलं आहे. आषाढात मी धरणगावला आलो होतो, तू कुणाच्या मळ्यात गेली होतीस. मी त्याला सगळं समजावलं. त्याने मान हलवली."

ओसरीत गव्हाचे सूपही थांबले. सारिका वळली. भूषणने तिच्याकडे पाहिले नाही. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होता, कोणी विसरून गेलेली वस्तू मांडीवर सापडावी तसा.

"हलवली होती?" तिने विचारले.

शाल तिने खांद्यावरून काढली, नीट घडी केली आणि नारळाशेजारी ठेवली. नुसता राग असता तर ती मोठ्याने बोलली असती. ही घडी घालण्याची तऱ्हा भूषणला ठाऊक होती, आणि खुर्चीतून उठून कुठे जाता आले असते तर तो गेला असता.

मान हलवली होती हे खरे होते. ती का हलवली, हे आबांनी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी भूषणच्या तोंडून तेव्हा सलग तीन शब्द निघत नव्हते. दुकानातल्या त्याच्या बारा वर्षांत दर वर्षी चार-सहा मोटारी तक्रार घेऊन परत येत. तिने बांधलेली, त्या पहिल्या तीन वगळता, एकही परत आली नव्हती. तो दुकानात खुर्ची टाकून बसे. शेतकरी आत येत, त्याला रामराम करीत आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत विचारीत, "वहिनी कुठं शे?" नीलेश बसला असता तर निदान त्याच्याहून वाईट काम करणारा कोणीतरी दुकानात आला असता. ही इच्छा क्षुद्र आहे हे त्याला कळत होते. वाचा गेली तरी माणसाला आपला क्षुद्रपणा ऐकू येतच राहतो.

"आते बस," सुंदरबाई उठल्या. "आधी गहू. बाकी बठ्ठं मंग."

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचे, त्याच गव्हाचे रोट व्हायचे, आणि ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. ज्याला स्वतः मूठ घालता येत नाही, त्याची मूठ त्याचे काम सांभाळणाऱ्याने घालायची, असा त्या घराचा रिवाज होता. दोन वर्षे भूषण आलाच नव्हता. त्याची मूठ आबांनी घातली होती, आणि भूषणचे काम म्हणजे केवळ आजारी असणे या समजुतीने कोणी हरकत घेतली नव्हती. या वर्षी मात्र मानपत्र गहू मोजण्याआधी वाचायचा आबांचा आग्रह होता, तो यासाठीच. तीन हजार विद्यार्थ्यांची हजेरी घेतलेल्या त्या गृहस्थांना पक्के ठाऊक होते की भूषणच्या नावाची मूठ ज्याने घातली त्याला पुढे कोणी दुकानातून उठवणार नाही.

आबांची मूठ पडली, नानांची पडली, स्वप्नीलने आपली मूठ घालताना नूतनला, म्हणजे बायकोला, चित्रण करायला सांगितले आणि तिने भ्रमणध्वनी उलटा धरून ते केले. मग सुंदरबाई म्हणाल्या, "भूषण."

"नीलेश, पुढे हो," आबा म्हणाले.

नीलेश पुढे झाला. सव्वीस वर्षांचा हा मुलगा पुण्याच्या कारखान्यातून काम सुटल्यावर सहा महिने घरी बसला होता, आणि या सहा महिन्यांत त्याच्याविषयी इतक्या जणांनी इतके काही ठरवले होते की आपले मत असलेच तर ते कुठे ठेवले होते हे त्याला आठवेना. त्याने गव्हात हात घातला.

"थांब," सुंदरबाई म्हणाल्या. "देवीना समोर खोटं बोलू नको. तू भूषणनं काम करस का? हो का नही, इतलंच सांग."

"मंगळवारपासून करेल," आबा म्हणाले.

"मंगळवारना गहू मंगळवारी मोजूत. आज शनिवार शे."

नीलेशचा हात गव्हातच होता. "अक्का, मला स्टेटर भरता येत नाही," तो म्हणाला. "आयटीआयला एकदा सरांनी भरलेला पाहिला होता, तोही मागच्या बाकावरून. मला पंखा जोडता येतो, बोर्ड बसवता येतो." मग त्याने उरलेलेही सांगून टाकले. "आबा, मी तिथे एकटा बसणार नाही. चार दिवसांत लोक मला विहिरीत टाकतील."

"नीलेश," मगननाना म्हणाले. पण त्या एका शब्दात धमकी होती की सुटका, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही.

"मग मूठ घालणार कोण?" आबा चिडून म्हणाले. "सूनबाई? बाईचा हात आजवर मापात पडलेला नाही."

"गहू कोन निवडस? बाई. कोन दळस, कोन रोट करस? बाई," सुंदरबाई म्हणाल्या. "मापमाच का बरं बाटस?"

"अगं, पण रिवाज."

"रिवाजमा काम शे. बाई-मानूस नही. तुमीनच सांगेल शे माले, लगीन व्हयनं तवय."

आपण चाळीस वर्षांपूर्वी काय बोललो हे बायको असे जपून ठेवते, याची आबांना कल्पना नव्हती. ते उत्तर जुळवीत होते, आणि तेवढ्यात खुर्ची करकरली.

भूषण उभा राहत होता. स्वप्नील धावला, कारण अशा क्षणी धावणाऱ्यांतला तो होता. पण भूषणने कोपराने त्याला बाजूला सारले. खांब, मग दाराची चौकट, मग भिंत असे करत तो सुपाशी आला आणि डावा गुडघा टेकून बसला. त्याने डावा हात गव्हात घातला. मूठ भरली, उचलताना अर्धी सांडली. पुन्हा भरली, पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा मूठ सुपावर आली आणि उघडली.

"डावी?" आबांनी पुटपुटून पाहिले.

"देवी हात देखस नही," सुंदरबाई म्हणाल्या. "आते वरनी पाव."

भूषणने पाव मूठ घातली नाही. त्याने सारिकाकडे पाहिले आणि हनुवटीने सूप दाखवले.

ती जागची हलली नाही. ओसरीतल्या बायकांपैकी एकीने तिला कोपराने ढोसले, दुसरीचे डोळे आधीच भरून आले होते, आणि स्वप्नीलने तर डोळे मिटून या प्रसंगाला मथळा शोधायला घेतला होता. सारिकाला मात्र त्या हनुवटीच्या हालचालीत आषाढातली मानच दिसत होती. एकदा हलली तेव्हा दुकान गेले होते. आता हलते तेव्हा तिने विरघळावे, असा सगळ्यांचा हिशेब दिसत होता. ती पुढे आली, सुपाशी वाकली आणि चार बोटांत मावले तेवढे गहू घेतले.

"पाव घालते," ती म्हणाली. "पण दुकान पाव घेणार नाही."

गहू पडले. मग ती आबांकडे वळली. "जागा तुमची आहे आबा, त्याबद्दल वाद नाही. ती तुम्हाला नीलेशभाऊंना द्यायची तर द्या. मंगळवारी मी मोटारी उचलते, वह्या उचलते आणि बाजार समितीसमोर भाड्याने पत्र्याची शेड घेते. लोक तिथे येतील. काम माझ्या हातात आहे. ते तुम्हाला सातबाऱ्यावर दिसायचं नाही."

आबा आयुष्यभर वाद जिंकत आले होते, कारण समोरची मंडळी इयत्ता सहावी ते दहावीतली असत. त्यांनी आधारासाठी भावाकडे पाहिले.

"मन्ही मोटार बुधवारी पाहिजे, भाऊ," मगननाना म्हणाले. "जागानं तू देखी ले."

"वहिनी," नीलेश म्हणाला, "मला शिकवाल का?"

"पहिले सहा महिने फक्त जळकी तार सोडायची. वेढे मोजायचे आणि लिहायचे. जमेल?"

"जमेल."

"एकही आकडा अंदाजाने लिहिलात तर भडगावची एसटी पकडायची."

नीलेशने मान डोलावली. त्याच्याविषयी ठरलेल्या गोष्टींपैकी ही पहिलीच अशी होती की जी ठरताना तो हजर होता.

आबांनी काही वेळ मानपत्राकडे पाहिले. "मूळ विचार माझा हाच होता," ते अखेर म्हणाले. "नीलेशने तिच्या हाताखाली तयार व्हावं. मजकुरात तो पुरेसा स्पष्ट झाला नाही, एवढंच. शेवटचा परिच्छेद मी नव्याने लिहितो."

"काच पक्की बसवली आहे, आबा," नूतन म्हणाली.

"पुढच्या आवृत्तीत," आबा म्हणाले, आणि दुकानाच्या जागेचा विषय त्या घरात त्यानंतर कोणी काढला नाही.

स्वप्नील कोपऱ्यात भ्रमणध्वनीवर टिपणे करीत होता. "'सव्वा मूठ: एक जीवनदृष्टी'," त्याने बायकोला वाचून दाखवले. "कसं वाटतं?"

"यात तू कुठे आहेस?"

"मी साक्षी आहे."

"मग इकडे येऊन साक्ष दे," म्हणत नूतनने त्याच्यापुढे अर्धी पायली गहू ओतले. "खडे वेगळे, गहू वेगळे." आजवर तिने त्याच्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून टाळी दिली होती. समोर गव्हाचा ढीग लागताच तो खडे निवडायला बसला, यावरून ती टाळी पुढेही मिळेलच असे नाही हे त्याला कळले असावे.

गहू धुऊन वाळत पडले. बायका गाणी म्हणू लागल्या. सारिका बाहेर ओट्यावर आली, तेव्हा भूषण आधीच तिथे बसला होता. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"आषाढात हलवली," ती म्हणाली. "आणि त्यानंतर रोज संध्याकाळी माझ्याबरोबर जेवलात."

"हो."

"का?"

त्याने बराच वेळ घेतला. शब्द येण्यापूर्वी त्याचा जबडा एका बाजूला सरकत असे. "तुझी... कॉइल," तो म्हणाला. मग, "परत... येत नाही." आणि सर्वांत शेवटी, जणू ते सांगणे उभे राहण्याहून अवघड होते, "मी... नुसता... बसून."

आत फुगडीचा ठेका सुरू झाला होता. सारिकाने हातांकडे पाहिले. वार्निशाने नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि त्या तीन वर्षांत कधी पूर्ण निघाल्या नव्हत्या. त्याला क्षमा करण्याजोगे काही तिला स्वतःत सापडेना, आणि न करण्याजोगेही पुरते सापडेना.

"बसून राहणं बंद," ती म्हणाली. "मंगळवारपासून नीलेशला तुम्ही शिकवायचं. मला रांग सोडून वेळ नाही."

"बोलता... येत नाही."

"मला शिकवलंत तेव्हा तर अजिबात येत नव्हतं."

भूषण हसला, हसू डाव्या बाजूनेच आले. ती हसली नाही. पण आतून सुंदरबाईंनी पुरणाला बायका कमी पडताहेत म्हणून हाक मारली तेव्हा, "येते, अक्का," असे म्हणूनही ती थोडा वेळ तिथेच बसून राहिली.